कोऱ्या ट्यूबचा विटाळ

द्रव मोजून घ्यायची पिपेट हातात कशी धरायची हे मी बी.एस्सी. झाल्यानंतर शिकले, हे सांगायची मला लाज वाटत नाही. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात पिपेट होती. पण ती कपाटात असायची आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे, ते फक्त परीक्षेच्या दिवशी दिसायचे. पीसीआर मशीनची आकृती मी पेपरात काढली होती आणि पूर्ण गुण मिळवले होते. पण ते मशीन टेबलावर मावतं की त्याला वेगळी खोली लागते, हे मला ठाऊक नव्हतं. शहरात आल्यावर कळलं की ते आमच्या घरच्या पत्र्याच्या पेटीपेक्षाही लहान असतं.

मी अजिंठ्याकडच्या एका खेड्यातली. आमचं घर मेंढरं राखणाऱ्यांचं. आता मेंढरं थोडी उरलीत आणि माय दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जाते. पदवी घेणारी घरातली मी पहिली. त्यामुळे संभाजीनगरच्या एका प्रयोगशाळेत रोगनिदानाच्या कोर्सला माझी निवड झाली तेव्हा गावात पेढे वाटले गेले. कशाचे पेढे ते कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. माय सांगायची, "रक्त तपासायचं शिकाया चालली." मीही ते दुरुस्त केलं नाही.

कोर्स आटोपशीर होता, पण त्याच्या शेवटाला महत्त्व होतं. सुरुवातीला सगळं सरावाच्या नमुन्यांवर चालायचं, शेवटी खऱ्या रुग्णांच्या नमुन्यांतून काढलेला डीएनए तपासायला मिळायचा. तेही सगळ्यांना नाही. ज्यांच्या हातावर कोर्स घेणाऱ्या सरांचा भरवसा बसे त्यांनाच. अशांची नावं सर शहरातल्या तपासणी प्रयोगशाळांना कळवत आणि त्यांना नोकरी लागे. मला ती नोकरी हवी होती. ती नाही मिळाली तर गावी परतायचं होतं. आणि गावी बी.एस्सी.चा उपयोग एवढाच की स्थळ घेऊन येणाऱ्यांनी विचारलं, मुलगी किती शिकली, की सांगता येतं.

सरांचे माझ्यावर उपकार आहेत, हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला उलटं वाटेल. ते मराठीत शिकवायचे. माझा हात थरथरायचा तेव्हा ते म्हणाले होते, "श्वास सोड, मग अंगठा सोड." त्या एका वाक्याने माझा हात बसला. पिपेटच्या बटणाला दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यापर्यंत दाबून द्रव घ्यायचा, सोडताना दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबायचं. हे पुस्तकात होतं. पण अंगठ्याला ते सरांनी शिकवलं.

त्यांची शिकवण्याची एक तऱ्हा होती. घरातल्या गोष्टी घेऊन ते प्रयोगशाळा समजावून सांगत. पीसीआरमध्ये डीएनएचा एक तुकडा असला तरी मशीन त्याच्या असंख्य नकला करतं, म्हणून बाहेरचा कणभर डीएनए चुकून ट्यूबमध्ये गेला तर सगळा निकाल खोटा ठरतो. यासाठी खोल्या वेगळ्या असतात. एका खोलीत रसायनं मिसळायची, दुसरीत नमुना घालायचा, तिसरीत मशीन. पुढच्या खोलीत गेलेल्या माणसाने तोच कोट घालून मागच्या खोलीत यायचं नाही. सर म्हणाले, "पहिली खोली म्हणजे सोवळं. ओवळ्यात गेलात की परत सोवळ्यात शिवायचं नाही." सगळे हसले आणि सगळ्यांना ते एका क्षणात समजलं. मलाही समजलं. नियम मी त्या दिवसापासून एकदाही मोडला नाही, आणि तो मला सोवळ्याच्या नावाने आठवतो, हेही खरं आहे.

त्याच ओघात प्रयोगशाळेत दुसरा शब्द रुळला होता. नको तो डीएनए ट्यूबमध्ये गेला की तिथे म्हणायचे, "विटाळ झाला." जुन्या बॅचपासून चालत आलेलं होतं. चहाच्या वेळी थट्टेत, कामाच्या वेळी गंभीरपणे, सगळे म्हणायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हातातल्या ट्यूबकडे बघत राहिले. आमच्या घरी हा शब्द ट्यूबला लावत नाहीत.

आमच्या घरी त्याचा एकच अर्थ. लहान असताना माय ओसरीच्या कोपऱ्यात घोंगडीवर बसलेली दिसायची. का बसलीस विचारलं की आजी सांगायची, कावळा शिवला. मी वर्षानुवर्षं तो कावळा शोधला. पुढे तो मलाही शिवला आणि त्या घोंगडीवर मी बसू लागले. पाण्याच्या माठाला हात लावायचा नाही, मेंढरांच्या पिलांना शिवायचं नाही, तहान लागली तर कुणीतरी वरून ओंजळीत पाणी ओतेल तेव्हा प्यायचं. शहरात गारखेड्याच्या खोलीत कॉट भाड्याने घेतली त्या पहिल्या महिन्यात मी त्या दिवसांत स्वतः माठातून पाणी घेऊन प्यायले. मला ती मोठी गोष्ट वाटली. खोलीतल्या मुलींना काहीच वाटलं नाही, आणि त्यांना काही वाटलं नाही हेच मला सगळ्यात आवडलं.

आता त्या दिवसाचं सांगते.

प्रत्येक वेळी नमुन्यांबरोबर एक कोरी ट्यूब लावायची पद्धत असते. तिच्यात सगळी रसायनं असतात, पण नमुन्याऐवजी नुसतं पाणी. शुद्ध, खास याच कामासाठी बाटलीत येणारं. मशीनच्या पडद्यावर जंतू असलेल्या नमुन्याची रेषा वर चढते. कोऱ्या ट्यूबची रेषा आडवी, जमिनीला धरून राहायला हवी. ती वर चढली तर कुठेतरी काहीतरी शिरलंय आणि त्या दिवसाचा एकही निकाल धरायचा नाही.

आम्ही जोडीजोडीने काम करायचो. माझी जोडीदारीण उस्मानपुऱ्यात राहायची. तिचे आजोबा भिक्षुकी करायचे, वडील बँकेत. हुशार मुलगी, स्कूटीवर यायची, आणि डब्यातली अर्धी पोळी न विचारता माझ्या डब्यात टाकायची. त्या दिवशी तिच्याकडे नळाला पाणी यायचा दिवस होता, टाक्या भरून ती धापा टाकत आली आणि आल्या आल्या तिने प्रयोगशाळेतली त्या शुद्ध पाण्याची बाटली काढून आमच्या ट्यूब लावल्या. मग बाटली सगळ्यांच्या हातून फिरली. कोरी ट्यूब लावायची पाळी माझी होती, ती मी सर्वांत शेवटी लावली. पिपेटच्या टोकाला नवी टिप लावली, हातमोजे बदलले, श्वास सोडला, अंगठा सोडला.

मशीन संपलं तेव्हा आम्ही सगळे पडद्यापुढे उभे होतो. क्षयाच्या जंतूच्या नमुन्यांच्या रेषा चढल्या. त्यांच्या मागून, थोड्या उशिराने, कोऱ्या ट्यूबचीही रेषा चढली.

सरांनी सुस्कारा सोडला. "विटाळ झाला. कोऱ्या ट्यूबला कुणाचा हात होता?"

"माझा, सर."

"मग आता तू काही दिवस बाजूला बस. बघून शिक. हात स्वच्छ झाला की बघू."

ते रागावून बोलले नव्हते. कुणालाही तसंच बोलले असते. पण त्या दिवशी मला पाळी आलेली होती, आणि मी काही विचार करायच्या आधीच माझे दोन्ही हात टेबलावरून उचलले गेले आणि पोटाशी आले. कुणी शिकवलेलं नव्हतं की प्रयोगशाळेत असं करायचं. हात आपले आपण गेले. त्या हातांचा मला आजही राग येतो.

मागून एक मुलगा म्हणाला, "सर, रेषा नीट बघा, मेंढीची निघायची." हशा पिकला.

"मेंढीची असती तर चढलीच नसती," मी म्हणाले. "प्रायमर जंतूचे आहेत, ते जंतूचाच डीएनए पकडतात. एवढं तरी कोर्समध्ये झालंय की आपलं."

हशा पुन्हा झाला, या वेळी त्याच्यावर. पण खुर्ची भिंतीकडे सरकवलेली होतीच आणि तिच्यावर बसायचं मला होतं. जोडीदारणीला दुसऱ्या जोडीत घातलं. जाताना ती हळूच म्हणाली, मनाला लावून घेऊ नकोस, सर असंच बोलतात, आमच्या घरी तर हा शब्द आता कुणी उच्चारतसुद्धा नाही. मी तिला म्हणाले, म्हणूनच तुला तो लागत नाही. तिला ते आवडलं नाही. मीही तिला ते आवडावं म्हणून बोलले नव्हते.

भिंतीकडे बसून मी शेवटच्या दिवसाचा हिशेब करत होते. काही दिवस म्हणजे किती, हे सर बोलले नव्हते. बाजूला बसलेल्या मुलीच्या हातावर भरवसा कुणाचा बसणार?

संध्याकाळी गच्चीवरून मायला फोन केला. तिने आधी जेवलीस का विचारलं, मग मेंढीला जुळी झाल्याचं सांगितलं, मग माझा आवाज ऐकून काय झालं म्हणून विचारलं. मी म्हणाले, "माय, मला बाजूला बसवलं."

ती घाबरली. "मास्तराला कसं कळलं गं? तू सांगितलंस व्हय?"

मला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं. मग तिला सगळं समजावलं, पाणी, ट्यूब, रेषा. तिला किती समजलं कोण जाणे.

"मी बसले," ती शेवटी म्हणाली. "मला इचारावं कुणाला, ते बी ठावं नव्हतं. तू तर पैसं भरून शिकायली. मंग इचार की. इचारायला काय इटाळ हाय?"

दुसऱ्या दिवशी मी सरांसमोर उभी राहिले. वर्ग सुरू व्हायचा होता, बाकीचे येत होते, त्यामुळे बोलणं सगळ्यांना ऐकू जाणार होतं. जाऊ दे म्हटलं.

"सर, कोरी ट्यूब काय सांगते?"

"कुठंतरी चूक झाली, हे सांगते."

"कुणाची झाली, हे सांगते?"

"नाही."

"मग मला बाजूला कशावरून बसवलं?"

शिकताना असं होतंच, ते सांगू लागले. त्यांच्या उमेदीच्या काळात त्यांचे गुरू त्यांना याहून वाईट बोलले होते आणि त्यांनी ते हसून घेतलं होतं. रागावू नकोस, म्हणाले.

"मी रागावलेलीच आहे, सर. पण ते बाजूला ठेवते. आज सगळ्यांनी कोऱ्या ट्यूब लावू. प्रत्येकाने दोन. एक कालच्या बाटलीतल्या पाण्याची, एक नवी बाटली फोडून. नमुना कुणी आणायचाच नाही. मग कळेल हात की पाणी. तुम्ही पण लावा."

"मी पण?"

"हो. काल बाटली तुमच्याही हातून गेली होती."

मला वाटलं, आता आपण घरी. सरांनी कोट घातला, हातमोजे चढवले आणि ते पहिल्या खोलीत गेले. त्यांनी आपल्या दोन ट्यूब सगळ्यांसमोर लावल्या. हे मी विसरणार नाही. दुसरा कुणी असता तर त्याने मला कोर्सची रीतभात शिकवली असती.

मशीन गरम होत, थंड होत राहिलं. ते तासाभराचं काम असतं आणि त्यात घाई करता येत नाही. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. नव्या बाटलीची माझी एकटीची ट्यूब चढली तर? मग हात माझाच ठरणार होता, आणि तो मी सगळ्यांना गोळा करून ठरवला असता. तरी मला उठून जावंसं वाटलं नाही. ठरायचंच तर मशीनने ठरवू दे. शब्दाने ठरवलेलं मला नको होतं.

कालच्या बाटलीच्या सगळ्या ट्यूब चढल्या. सगळ्यांच्या. सरांचीही. नव्या बाटलीच्या सगळ्या आडव्या राहिल्या, माझीही. वापरलेली टिप कुणीतरी कधीतरी त्या बाटलीत बुडवली असणार. ती कुणाची, ते कुठल्याच मशीनला कळत नाही.

मला वाटलं होतं हे इथे संपेल. पण माणसांना बाटलीवर थांबता येत नाही.

"पण बाटली पहिल्यांदा काढली कुणी?" मेंढीवाल्याने, कालच्या त्या थट्टेखोराने, विचारलं. सगळ्यांच्या माना उस्मानपुऱ्याच्या माझ्या जोडीदारणीकडे वळल्या. तो म्हणाला, "बघा, म्हणजे विटाळ भटजींच्या घरून आला."

मोठा हशा झाला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. क्षणभर नाही, चांगलं बरं वाटलं. काल सगळ्यांबरोबर माझ्यापासून बाजूला सरकलेली मुलगी आज मधोमध उभी होती. मी नुसतं गप्प बसायचं होतं. माझं काम झालेलं होतं, माझी जागा मला परत मिळालेली होती.

सर हसतच म्हणाले, "चला, आता बाजूला बसायची तुझी पाळी."

शब्द तोंडातून गेल्यावर तो त्यांना ऐकू आला. त्यांचे कान लाल झाले. मागची एक मुलगी फसकन हसली आणि गप्प झाली. आणि माझ्या जोडीदारणीने टेबलावरचे दोन्ही हात उचलून पोटाशी घेतले. ज्या घरात तो शब्द कुणी उच्चारत नाही, त्या घरातल्या मुलीने. अगदी माझ्यासारखे.

मी उठले. "सर, ती बसणार नाही."

"अगं, मी गमतीत..."

"कालही गमतीतच होतं. मी बसले. बाटली खराब निघाली तर बाटली फेका. हिला कशाला बसवता? आणि तो शब्द आता बंद करा."

"कोणता शब्द?" त्यांनी विचारलं, पण त्यांना ठाऊक होतं.

"विटाळ."

ते वैतागले. या वेळी खरोखर वैतागले. "म्हणायला एक शब्द लागतो. सगळे समजतात. शब्दाने काय फरक पडतो?"

"फरक पडत नसेल तर दुसरा वापरायला काय हरकत आहे? पाणी दूषित होतं म्हणा. तेवढंच झालंय." माझा आवाज चढला होता आणि तो मला खाली आणायचा नव्हता. "काल मला पाळी आली होती, सर. आजही आहे. आणि माझी नवी ट्यूब कोरी आहे. पडद्यावर बघा."

कुणी पडद्याकडे बघितलं नाही. सगळे जमिनीकडे बघत होते, मेंढीवालासुद्धा. असं वाक्य मी घरात मायसमोरही मोठ्याने बोलले नव्हते. आणि ते बोलून झाल्यावर मला कसलीच लाज वाटली नाही, याचंच मला नवल वाटलं.

सरांनी ती बाटली उचलून टाकाऊ पिशवीत टाकली आणि पिशवीचं तोंड बांधलं. मग म्हणाले, आपापल्या जोडीत बसा. भिंतीकडची खुर्ची रिकामी राहिली.

जेवणाच्या सुट्टीत जोडीदारीण माझ्याजवळ येऊन बसली. डबा उघडता उघडता म्हणाली, "मी काल काहीच बोलले नाही आणि तू माझी बाजू घेतलीस."

"तुझी कुठं घेतली," मी म्हणाले. "मला परत त्या खुर्चीकडे बघायचं नव्हतं." हे अर्धं खरं होतं. तिने अर्धी पोळी माझ्या डब्यात टाकली. मैत्रीण म्हणावी इतकी जवळ ती पुढे कधी आली नाही, आणि दूरही गेली नाही.

सरांचं माझ्याशी वागणं मात्र त्या दिवसापासून बदललं. आधी ते मला 'तू' म्हणायचे, आता 'तुम्ही' म्हणू लागले. तो मान होता की राग, हे मला तेव्हाही कळलं नाही. "तुम्ही आज मिश्रण करा." "तुम्ही रेषा वाचून दाखवा." श्वास सोड, अंगठा सोड असं आता कुणी म्हणत नव्हतं. त्याचं मला वाईट वाटलं. पण बोललेलं परत घ्यावं, असं वाटलं नाही. ज्यांनी आपल्याला शिकवलं त्यांच्यापुढे मान खाली घालणं म्हणजेच उपकार फेडणं, असं आमच्याकडे मानतात. मी तसं मानायचं सोडून दिलंय. त्यांनी मला कोऱ्या ट्यूबवर विश्वास ठेवायला शिकवलं आणि मी तो ठेवला. मला वाटतं, शिष्याने करायचं ते हेच.

शब्द काही रातोरात गेला नाही. सर बोलताना थांबायचे, "वि..." म्हणून "दूषित" म्हणायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. मागच्या बाकावरची मुलं आपसात जुनाच शब्द वापरायची. मी ऐकलं की त्यांच्याकडे वळून बघायची. नुसती बघायची. काही दिवसांनी ती मुलं मी आत आले की विषय बदलू लागली. हट्टी आहे, भांडखोर आहे, असं माझ्यामागे बोललं जातं हे मला कळत होतं. बोलू दे.

रुग्णांच्या नमुन्यांचा दिवस आला. सरांनी नावं वाचली, त्यात माझं होतं, जोडीदारणीचंही होतं. मग त्यांनी विचारलं, कोरी ट्यूब कोण लावतं. कुणी हात वर केला नाही. त्या प्रकरणानंतर ती ट्यूब कुणालाच नको होती, चढली तर सगळ्यांच्या नजरा आपल्यावर येणार. मी हात वर केला. ती चढली असती तर मी तसंच सांगितलं असतं, आणि जागेवरून हलले नसते. ती आडवी राहिली. त्या दिवशी कुणाच्या तरी नमुन्यात क्षय सापडला आणि तो निकाल खरा होता, कारण त्याच्याशेजारची रेषा जमिनीला धरून होती. त्या माणसाला औषध सुरू झालं असेल. मी त्याला कधी पाहिलं नाही.

आठवडाभराने सरांनी मला बोलावलं. एका तपासणी प्रयोगशाळेला माणूस हवा होता. मी समोर उभी असतानाच त्यांनी फोन लावला. बोलण्यात त्यांनी माझी पदवी, माझं गाव, सगळं सांगितलं. मग म्हणाले, "हाताला चोख आहे. पण एक सांगून ठेवतो, ऐकून घेणारी नाही."

पलीकडून काय विचारलं गेलं कोण जाणे. सर माझ्याकडे बघत म्हणाले, "नाही, नाही. खरंच सांगतोय. दोन्ही."

सोमवारपासून या, असं तिकडून कळलं.